क्लबचा भोर घाट नव्याने करायचाय: आधी रूळ की आधी डोंगर? आणि अमृतांजन पुलाचं काय करायचं?

घाटवेडा
नमस्कार मंडळी. पुण्यात आमचा मॉडेल रेल्वेवाल्यांचा छोटासा क्लब आहे. सभासद सतरा. एका सभासदाच्या घराच्या तळमजल्यावर अठरा बाय सहा फुटांचा भोर घाट गेली बावीस वर्षं उभा आहे. स्केल एचओ, म्हणजे १:८७. पळसदरी, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल, खंडाळा अशी सगळी ठाणी आहेत. जागा कमी म्हणून अंतरं आखडून घेतली आहेत.

आता तो दमलाय. रूळ पितळेचे, थेट प्लायवर चिकटवलेले. दर रविवारी गाड्या चालवायच्या आधी तासभर रूळ घासण्यात जातो. ठाकूरवाडीच्या वळणावर दर मे महिन्यात रूळ नागमोडी होतो. डोंगर थर्माकोल आणि रंगवलेल्या लाकडी भुश्याचे. भुश्याचा हिरवा रंग उडून आता सगळा घाट शेवाळी-राखाडी दिसतो. शेवटची काडी म्हणजे गेल्या महिन्यात एका सभासदाने एलएचबी, म्हणजे नव्या पद्धतीच्या लांब डब्यांचा रेक (अख्ख्या गाडीचा संच) आणला. जुने आयसीएफ डबे जिथून सुखाने जातात त्याच बोगद्याच्या तोंडावर त्याचा पहिलाच डबा घासला.

वर्गणी जमली आहे, पावसाळ्यानंतर काम सुरू करायचं आहे. माझे प्रश्न:
आधी रूळ बदलायचे की आधी डोंगर?
ऋतू कोणता धरायचा?
आणि तिसरा प्रश्न मला सगळ्यात जड जातोय. लेआउटवर अमृतांजन पूल आहे, घाटातल्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा जुना दगडी पूल. आमच्या संस्थापक काकांनी तो प्लास्टरमध्ये एकेक दगड कोरून केला आहे. काका आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. खरा पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला. घाट आजचा करायचा तर तो पूल काढावा लागेल. काय करू?

पुणेरी_पॅसेंजर
फोटो टाका हो आधी!

सोल्डरगन
आधी रूळ, यात दुमत नको. डोंगर झाल्यावर रूळ उखडायला घेतलेत तर प्लास्टरचा चुरा, गोंदाचे थेंब आणि हाताची कोपरं सगळी नव्या झाडांवर पडतात. रूळ टाका, प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तारा जोडा, मग निदान दोन महिने नुसत्या प्लायवर गाड्या पळवा. जिथे डबा उतरतो तिथेच परत परत उतरतो. ती जागा खडी पडायच्या आधी सापडली पाहिजे.

पितळ काढाच. त्याच्यावर चढणारं काळं पुट वीज अडवतं, म्हणून तुमचा तास घासण्यात जातो. निकेल सिल्व्हरचे रूळ घ्या. नावात सिल्व्हर असलं तरी चांदी नसते त्यात, तांबं-निकेल-जस्ताचा मिश्रधातू आहे. तोही मळतो, पण इतका छळत नाही.

आगगाडी_आजोबा
सोल्डरगन यांना अनुमोदन. मी तीस वर्षं रेल्वेत रूळमार्गाच्या कामावर होतो, त्यातली काही घाटात. खऱ्या रेल्वेतही हाच क्रम: आधी पाया, मग रूळ, मग बाकीचं.

घाट करताय तर दोन-तीन गोष्टी सांगतो, त्या सहसा कुणी मॉडेलवर दाखवत नाही.

एक, घाटात चढ ३७ ला १. तुमच्या अठरा फुटांत सरळ रेषेत गेलात तर जेमतेम सहा इंच चढ मिळेल. तेवढा असला तरी डोळ्यांना जाणवतो, तो कमी करू नका.

दोन, दोन्ही मार्गांची खडी एका रंगाची करू नका. उतरणारी गाडी सगळा घाट ब्रेक लावत उतरते. ब्रेकची लोखंडी भुकटी वर्षानुवर्षं खडीवर पडून गंजते, त्यामुळे उताराच्या मार्गावरची खडी तपकिरी-काळी होते. चढाच्या मार्गावरची त्या मानाने करडी राहते. मध्य रेल्वेत मुंबईहून निघालेली गाडी डाउन, म्हणून घाट चढते ती डाउन आणि उतरते ती अप! नवीन पोरं इथे हमखास चुकायची. तुम्ही रंगवताना चुकू नका.

तीन, रुळाची बाजू गंजलेली आणि डोकं चकचकीत. वळणावर आतल्या रुळाला लागून चेक रेल, म्हणजे चाक उतरू नये म्हणून टाकलेला जादा रूळ. लोखंडी पुलांवर सिमेंटचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) टाकू नका, तिथे वेगळे असतात.

घाटवेडा
आजोबा, हे सोनं आहे. आमच्या दोन्ही मार्गांची खडी बावीस वर्षं एकाच डब्यातली आहे!

छोटी_लाईन
मला एक खटकतं. भारतीय ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटर. १:८७ ला भागलं तर १९.३ मिलिमीटर येतात. तुम्ही वापरताय १६.५, ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ चं माप आहे. म्हणजे तुमचे डबे बरोबर आणि रूळ अरुंद. सगळे रूळ बदलताच आहात तर माप सुधारायची हीच संधी आहे. हाताने स्लीपरवर रूळ बसवा.

सोल्डरगन
सुधारून चालवणार काय त्यावर? सतरा जणांच्या प्रत्येक इंजिनाची चाकं बदलायची का?

छोटी_लाईन
इंग्लंडमध्ये लोकांनी केलंच ना. ओओ स्केल १:७६, रूळ तोच १६.५. त्यांचंही माप चुकलेलं. तर काहींनी १८.२ केलं, काही हट्टी लोक १८.८३ पर्यंत गेले.

लेस्टरकर
मी त्याच इंग्लंडातून लिहितोय आणि इथल्या एका क्लबात आहे. १८.८३ वाले लोक थोर आहेत, पण ते घरी एकट्याने करतात. क्लबचा लेआउट म्हणजे सगळ्यांच्या गाड्या चालल्या पाहिजेत. आमच्याकडे दर बुधवारी कुणी ना कुणी डब्यात इंजिन घेऊन येतो आणि ते पाच मिनिटांत रुळावर असतं. हा आनंद मापात पावणेतीन मिलिमीटरसाठी घालवू नका.

त्याऐवजी स्लीपर सुधारा. बाजारातल्या फ्लेक्सट्रॅकचे (हवे तसे वाकवता येणाऱ्या तयार रुळांचे) स्लीपर भारतीय मार्गापेक्षा दाट असतात. आणि रुळाची उंची कमी करा. कोड १०० म्हणजे २.५४ मिलिमीटर उंच रूळ, कोड ८३ म्हणजे २.१. डोळ्यांना फरक लगेच दिसतो. फक्त जुन्या इंजिनांच्या चाकांच्या कडा खोल असतील तर त्या स्लीपरच्या खिळ्यांवर आपटतील, ते तपासा.

आगगाडी_आजोबा
मुख्य मार्गावर किलोमीटरला १६६० स्लीपर, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटरला एक. तुमच्या स्केलला जवळजवळ सात मिलिमीटर. फ्लेक्सट्रॅकच्या स्लीपरमधली खालची जोडपट्टी ब्लेडने कापून ते सरकवता येतात. माझ्या नातीबरोबर मी दोन फूट करून पाहिले आहेत. एक दुपार लागली.

छोटी_लाईन
ठीक, क्लबसाठी १६.५ मान्य. मी मूळचा नेरळ-माथेरानवाला, तिथे दोन फुटी रूळ, १९०७ पासूनचे. कुणी ती लाईन केली असेल तर वेगळ्या धाग्यात बोलू, इथे अवांतर नको.

पुणेरी_पॅसेंजर
अवांतर नको म्हणत माथेरानला नेऊन आणलंत, तेही अर्ध्या मिनिटात. खऱ्या गाडीला दोन तास लागतात :)

कारवी
मी वनस्पतीशास्त्र शिकवते. रुळांतलं मला कळत नाही पण ऋतूबद्दल बोलू द्या.

घाटाची बहुतेक मॉडेल्स मी पाहिली ती श्रावणातली, सगळीकडे एकच पोपटी हिरवा. त्यात विकतची झाडं सूचिपर्णी, म्हणजे खंडाळ्यात आल्प्स. कृपा करून तसं करू नका.

माझं मत भाद्रपद संपता संपता, आश्विन लागताना. तेव्हा घाटात एका नजरेत चार-पाच रंग असतात. कड्याच्या माथ्यावर सोनकीचे पिवळे पट्टे. उतारावरचं गवत वरून सोनेरी व्हायला लागलेलं, बुडात अजून हिरवं. घळीत झाडी गर्द. धबधबे बारीक झालेले, त्यामुळे कातळावर ओल्या काळ्या रेघा तेवढ्या उरतात. मार्गाच्या कडेला कारवीचे दाट रान. ती सात वर्षांनी एकदा फुलते, तुम्हाला हवं तर यंदा फुलवा, जांभळा रंग कोपऱ्यात फार सुंदर दिसेल.

उन्हाळा करायचा असेल तर तोही चांगला. पांगारा, काटेसावर, पळस फुललेले आणि बाकी डोंगर तपकिरी. पण मग एकही हिरवा उतार नको. अर्धा-अर्धा करू नका.

आणि कातळ! सह्याद्रीचा कडा आडव्या थरांचा असतो, पायऱ्यापायऱ्यांचा. एक उभा काळा थर, मग माती-गवताची आडवी पट्टी, मग पुन्हा थर. कुठे कुठे दोन थरांत विटकरी लाल पट्टा. परदेशी साच्यांतून काढलेले दगड तिरके, कसेही फुटलेले असतात, ते इथले वाटतच नाहीत.

घाटवेडा
कारवीताई, तुमचा प्रतिसाद छापून तळमजल्यात लावतोय. आडवे थर कसे करावेत कुणी सांगेल का?

फेव्हिकॉल_वीर
जुन्या फॉल्स सीलिंगच्या फायबर बोर्डच्या पाट्या. कापायच्या नाहीत, हाताने मोडायच्या. मोडलेली कड खडबडीत येते ती दर्शनी ठेवून एकावर एक चिकटवा, मध्ये मध्ये अर्धा इंच मागे सरकवा. भेगांत पातळ प्लास्टर. वरून आधी गडद करडा, मग कोरड्या ब्रशने फिकट जांभळट करडा. मी लोणावळ्याजवळचा एक कटिंग असा केला, माझी आई म्हणाली, "अरे, हा तर टायगर पॉइंटला जाताना दिसतो तो."

गवतासाठी काथ्या आणि फूलझाडू. फूलझाडूच्या तुऱ्याचे बारीक तुकडे करून उभे रोवले की उंच गवत. चहाचा चोथा मातीसाठी उत्तम, पण कडकडीत वाळवा. मी एकदा घाईने ओलसर चोथा टाकला आणि आठ दिवसांत पळसदरी स्टेशनावर पांढरी बुरशी उगवली. सगळा फलाट खरवडावा लागला.

थर्माकोलजवळ सॉल्व्हंटचा गोंद नको, तो वितळवतो. पाण्यात कालवलेला फेव्हिकॉल बरा.

बारामतीकर
खडीसाठी क्रशरवरची बारीक कच फुकट मिळते. ती चहाच्या गाळणीने चाळून घ्या. खरी खडी २० ते ६५ मिलिमीटरची, म्हणजे तुम्हाला पाव ते पाऊण मिलिमीटरचे दाणे लागतील. विकतच्या पुडीपेक्षा रंग शंभर टक्के बरोबर येतो, कारण दगड तोच आहे.

सोल्डरगन
थांबा थांबा. बेसाल्टची कच वापरायच्या आधी त्यावरून लोहचुंबक फिरवा! त्यात लोहाचे कण असतात. ते सुटले की इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक त्यांना ओढून घेतं आणि मोटर बंद पडते. कागदात चुंबक गुंडाळून कचीतून पाच-सहा वेळा फिरवा. कागदावर काळी मिशी जमा होते. ती येणं थांबेपर्यंत फिरवत राहायचं.

बारामतीकर
हे माहीत नव्हतं. माझं एक इंजिन गेल्या वर्षी अचानक घरघर करत बंद पडलं. आज खोलून बघतो.

बारामतीकर
खोललं. मोटरभोवती काळी पूड आहे. तुमचं बरोबर.

कारवी
अरेरे! दुरुस्त होईल का?

सोल्डरगन
ब्लू-टॅक किंवा चिकटपट्टीच्या टोकाने कण उचला, फुंकू नका. बरेचदा वाचतं.

वर्ध्याची_माहेरवाशीण
मे महिन्यात रूळ वाकडा होतो त्याबद्दल कुणीच बोललं नाही.

माझे वडील सुतारकाम करत, त्यामुळे हे मला चटकन उमगलं. तुम्ही तो रूळ बहुतेक पावसाळ्यात टाकला असणार. तेव्हा लाकूड आणि प्लाय पाणी पिऊन फुगलेले. टोकाला टोक भिडवून रूळ बसवलेत. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसलं, अठरा फुटांवर दोन-चार मिलिमीटर कुठे जाणार? रूळ काही आकसत नाही, उलट उन्हाळ्याने तसूभर वाढतो. मग तो बाजूला फुगतो. दोष रुळाचा नाही, खालच्या लाकडाचा आहे.

प्लाय सगळ्या बाजूंनी प्रायमर लावून बंद करा. वरून, खालून आणि मुख्य म्हणजे कापलेल्या कडा. कडांतूनच पाणी शिरतं. आणि दर तीन फुटांवर दोन रुळांत लग्नपत्रिकेच्या कागदाइतकी फट सोडा.

घाटवेडा
ऑगस्ट २००३ मध्ये टाकला होता. ताई, तुम्ही लेआउट न बघता ऋतू ओळखलात.

आगगाडी_आजोबा
मस्त निदान. खऱ्या रुळातही तापमान बघूनच काम करतात.

लेस्टरकर
एलएचबीचं गणित मी करून पाहिलं. आयसीएफ डबा २१.३४ मीटर, एलएचबी २३.५४. १:८७ ला २४५ आणि २७० मिलिमीटर. दोन बोगींमधलं (डब्याखालच्या चाकांच्या दोन सांगाड्यांमधलं) अंतर मात्र जवळपास सारखंच, १४.७८ आणि १४.९. म्हणजे वाढलेली लांबी सगळी टोकांना आहे. चोवीस इंची वळणावर डब्याचा मधला भाग आत येतो तो दोन्हींत सहा मिलिमीटरच्या आसपास. पण कोपरे बाहेर जातात ते आयसीएफचे साडेसहाच्या जवळ, एलएचबीचे नऊच्या जवळ. अडीच मिलिमीटरचा फरक. तुमचा बोगदा आतून नाही, बाहेरच्या बाजूला घासत असणार. बरोबर?

घाटवेडा
अगदी बरोबर, बाहेरची बाजू. लाल ओरखडा अजून आहे.

लेस्टरकर
मग नवा बोगदा बसवण्याआधी एका एलएचबी डब्याच्या कोपऱ्यांना पेन्सिलीची टोकं चिकटवा आणि वळणभर हाताने ढकला. प्लायवर रेघ उमटेल. त्या रेघेच्या बाहेर पाच मिलिमीटर सोडून भिंत. खांब, फलाट, झाडं सगळं त्या रेघेच्या पलीकडे.

सोल्डरगन
आणि मागून बँकर, म्हणजे चढावर मदतीचं जादा इंजिन, लावून ढकलणार असाल तर डब्यांची वजनं सारखी करा. हलका डबा मध्ये आला की वळणावर तोच उडतो. एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेचा नियम सोपा आहे: एक औंस, वर प्रत्येक इंच लांबीला अर्धा औंस. तुमचा आयसीएफ डबा साडेनऊ-दहा इंच, म्हणजे साधारण १६५ ग्रॅम. घरच्या वजनकाट्यावर करा.

मिरजवाला
सगळं वाचतोय, वाचनखूण साठवली. पण मूळ तिसरा प्रश्न राहिलाच की. पुलाचं काय?

माझ्या मते काढा. आज घाटात तो नाही. लहान मुलं बघायला येतील ती एक्स्प्रेसवेने आलेली असणार, त्यांनी तो पाहिलेलाच नाही.

कारवी
मला नाही पटत. मुलांनी पाहिला नाही म्हणूनच ठेवायचा. लहानपणी पुण्याला येताना त्या पुलाखालून गेलं की बाबा म्हणायचे, आता घाट संपला.

आगगाडी_आजोबा
इथे दोघंही बरोबर आहेत, कारण काळ कोणता ते घाटवेडा यांनी सांगितलेलंच नाही. तो ठरला की पूल आपोआप ठरतो. नुसता पूलच नाही. जुन्या १५०० व्होल्ट डीसीच्या काळात विजेच्या खांबांवरचे इन्सुलेटर लहान, आता २५,००० एसीला मोठे. बँकर इंजिनंही वेगळी. आणखी मागे, १९२९ च्या आधी गेलात तर रिव्हर्सिंग स्टेशन करावं लागेल, गाडी तिथे उलटी फिरून चढायची. एलएचबी रेक, लहान इन्सुलेटर आणि अमृतांजन पूल असं एकत्र झालं तर जाणत्या माणसाला टोचेल.

घाटवेडा
हो, हीच माझी चूक. आम्ही बावीस वर्षं काळ न ठरवता घाट केला, ज्याला जे आवडलं ते त्याने आणून ठेवलं. आज संध्याकाळी काकांकडे जातो.

छोटी_लाईन
एक सुचवू? पुलाचा दीड-दोन फुटांचा तुकडा वेगळा, उचलता येणारा करा. खाली तोच प्लाय, तुकडा जागेवर जुळवून धरायला चार गुज्या (खुंट्या). एक तुकडा पुलाचा, दुसरा मोकळ्या एक्स्प्रेसवेचा. ज्या दिवशी जुनी इंजिनं त्या दिवशी पूल, एलएचबीच्या दिवशी मोकळा रस्ता. इन्सुलेटर मात्र एकच काळ धरा, ते दर आठवड्याला कोण बदलणार?

वर्ध्याची_माहेरवाशीण
हे आवडलं. पण गुज्या लाकडी नको, पावसाळ्यात अडकतील. पितळी करा. जुने रूळ काढणारच आहात, पितळेला तोटा नाही.

घाटवेडा
काकांकडून आताच आलो, झोपायच्या आधी लिहितो.

सगळा धागा त्यांना वाचून दाखवला. पुलाचा विषय आला तेव्हा मी अडखळलो. ते उठले, कपाटातून एक टूथपेस्टचं खोकं काढलं. आत पुलाच्या कमानीचे पुठ्ठ्याचे साचे, प्रत्येकावर पेन्सिलीने आकडे. खऱ्या पुलाची मापं त्यांनी १९९८ मध्ये दोरी आणि पावलांनी घेतली होती, एक्स्प्रेसवेचं काम चालू होतं तेव्हा. म्हणाले, "तुकडा उचलता येणारा करा. उजवीकडची तिसरी कमान जरा खाली बसलीये, ती या वेळी नीट करून देतो." मग बारामतीकरांच्या मोटरचं काय झालं ते दोनदा विचारलं.

तर ठरलं असं. काळ आजचा, मोठे इन्सुलेटर. ऋतू कारवीताईंचा. माप १६.५, रूळ कोड ८३, अप मार्गावरची खडी गडद. पुलाचा तुकडा वेगळा. रूळ दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर.

बारामतीकर
मोटर चालू झाली! चिकटपट्टीने सगळं निघालं. काकांना कळवा.

पुणेरी_पॅसेंजर
मी पुण्यातच आहे, रविवारी मदतीला आलो तर चालेल का? मला काही येत नाही, पण रूळ उखडता येतील.

घाटवेडा
नक्की या. सकाळी नऊला सुरू करतोय, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो. जुनी खडी कोमट पाण्याने भिजवून सोडवायची आहे, त्यामुळे जुना टॉवेल आणा. आणि घरात चहाची जास्तीची गाळणी असेल तर तीही.